भाकरी संपली

इटलीत, बोलोन्यातल्या पहिल्या रात्रीच्या जेवणाबद्दल मी आत्याशी खोटं बोललो. फोनवर तिचा प्रश्न ठरलेला असतो, "जेवलास का, आणि काय?" मी म्हटलं, "झकास जेवलो, आत्या. थरांचा काहीतरी प्रकार होता." थर होते हे खरं. कडेचे थर चामड्यासारखे आणि मधले थंडगार.

आत्याने कोल्हापुरात बसस्टँडजवळ सव्वीस वर्षं खानावळ चालवली. अकरावी-बारावीला मी तिच्याकडेच राहायला होतो. त्यामुळे ताटं मांडणं, वाढणं, गल्ल्यावर बसणं, मेथी निवडणं, सगळं केलेलं आहे. अशा पोराने इटलीत जाऊन दारात उभ्या असलेल्या माणसाच्या "इंडिया? नमस्ते!"ला भुलून आत शिरावं, हे तिला कुठल्या तोंडाने सांगणार?

आधी तिथे का गेलो ते सांगतो. मी पुण्यात एका औषध कंपनीच्या इंजिनिअरिंग खात्यात आहे. आम्ही गोळ्यांची पाकिटं भरणारं, म्हणजे ब्लिस्टर पॅकिंगचं, मशीन घेतलं. मशीन जहाजावर चढायच्या आधी बनवणाऱ्याच्या कारखान्यात ते आपल्यासमोर चालवून घ्यायचं असतं, त्याला आम्ही एफएटी म्हणतो. बोलोन्याच्या आसपास अशी पॅकिंगची यंत्रं बनवणारे इतके कारखाने आहेत की त्या पट्ट्याला 'पॅकेजिंग व्हॅली' म्हणतात. नोव्हेंबरात अकरा दिवसांसाठी कंपनीने दोघांना पाठवलं. एक मी आणि दुसरे आमचे क्यूएचे, म्हणजे गुणवत्ता खात्याचे, सर.

मी मटण, चिकन, मासे खातो, गायीचं खात नाही. डुकराचं तोवर कधी खाल्लं नव्हतं, पण विमानातच ठरवून टाकलं होतं की चालवून घ्यायचं. सर पूर्ण शाकाहारी. अंडंही नाही. वाढदिवसाचा केक चालतो, पण त्याबद्दल आपण विचारायचं नसतं.

आणि कंपनीने आम्हाला पाठवलं कुठे, तर ज्या शहराला इटलीतले लोकच 'ला ग्रासा', म्हणजे जाडी, चरबीवाली म्हणतात तिथे! त्याला आणखी दोन नावं आहेत. एक 'ला दोत्ता', विद्वान, कारण तिथलं विद्यापीठ १०८८ सालापासूनचं मानतात. दुसरं 'ला रोस्सा', लाल, कौलांमुळे आणि राजकारणामुळेही. पण पहिलं नाव पहिलंच.

तर पहिली रात्र. संध्याकाळचे साडेसहा, बाहेर काळोख, पोटात भुकेचा डोंब. आपल्या शरीरात अजून पुण्याचं घड्याळ चालू होतं आणि त्यात रात्रीचे अकरा वाजलेले. फोन काढला, जवळात जवळ काय ते बघितलं, ४.६ तारे, चालत तीन मिनिटं. मुख्य चौकाला लागून. मेनू सहा भाषांत, प्रत्येक पदार्थाचा फोटो, वरून प्लास्टिक. मी भाज्यांचा लझान्या मागवला. सरांनी यादीतली 'स्पॅगेटी बोलोन्येझे' बिनमांसाची करून मागितली. वेटर लगेच "येस येस" म्हणाला. तिथेच शंका यायला हवी होती. दोघांचे मिळून ४७ युरो झाले. त्यात 'कोपेर्तो' म्हणून माणशी ३ युरो लावलेले. सर बिल उलटं-सुलटं करून बघत होते. "हे काय खाल्लं आपण?" म्हटलं, "सर, हे बसण्याचे पैसे."

(इथे कुणाचा गैरसमज नको. कोपेर्तो ही फसवणूक नाही. पाव, टेबलावरचं कापड, ताटवाटी यांचे म्हणून दोन-तीन युरो इटलीत चांगल्या ठिकाणीही लावतात आणि मेनूवर तसं लिहिलेलं असतं. पाणीही विकतच असतं. टिप मात्र ठेवायलाच हवी असं काही नाही.)

दुसऱ्या दिवशी कारखान्यात आमच्या मशीनवर एक फिटर होता, निवृत्तीला आलेला, अंगात निळा डगला, कानावर पेन्सिल. त्याला मोजकं इंग्रजी येत होतं आणि आम्हाला इटालियन अजिबात नाही. काल कुठे जेवलात विचारल्यावर मी सांगितलं. स्पॅगेटीचं नाव ऐकल्यावर त्याने हातातला पाना खाली ठेवला. बोलोन्यात स्पॅगेटी बोलोन्येझे नावाचा पदार्थच नाही. इथे रागू, म्हणजे तो खिम्याचा रस्सा, ताल्यातेल्ले या अंड्यात मळलेल्या ताज्या पट्ट्यांवर घालतात. ज्या मेनूवर ही स्पॅगेटी दिसेल तिथून उठायचं, असं त्याने दोन बोटं चालवून दाखवलं.

मग कळलं की हे लोक या बाबतीत आम्हा औषधवाल्यांपेक्षा कडक आहेत. १९७२ साली त्यांनी ताल्यातेल्लेचं माप तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर नोंदवून ठेवलंय. शिजलेल्या पट्टीची रुंदी ८ मिलिमीटर, म्हणजे शहरातल्या आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग. सोन्याचा नमुनाही ठेवलाय. रागूची कृती १९८२ साली नोंदवली आणि २०२३ मध्ये सुधारून परत नोंदवली. सरांचे डोळे चमकले. त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या खाद्यपदार्थाचं स्पेसिफिकेशन, मास्टर सॅम्पल आणि रिव्हिजन असं सगळं एकाच ठिकाणी होतं. मी हॉटेलवर येऊन गुणाकार केला. ८ गुणिले १२,२७० म्हणजे ९८.१६ मीटर. मनोरा ९७.२ मीटर उंच. जवळजवळ एक टक्का फरक. सर म्हणाले, "डेव्हिएशन उघडायला पाहिजे." म्हणजे माप चुकल्याची रीतसर नोंद. ते गंमत करत होते असं मला वाटतं.

(तो मनोरा बघायला गेलो, पण शेजारचा झुकलेला गारिसेंदा मनोरा धोक्याचा झाल्यामुळे २०२३ पासून तिथे कुंपण आहे. लांबूनच बघितला.)

फिटरने दुपारी साडेबाराच्या ठोक्याला आम्हाला गाडीत घातलं. कारखान्यांच्या वस्तीत एका वळणावर एक बैठं घर. पाटी होती, पण ती पाटी आहे हे जवळ गेल्याशिवाय कळत नव्हतं. ओळखीची खूण एवढीच की दारात तीस-चाळीस गाड्या आणि त्यातल्या निम्म्या हत्यारं ठेवायच्या व्हॅन. याला 'प्रांझो दि लावोरो' म्हणतात, कामकरी माणसाचं दुपारचं जेवण. १३ युरोत एक पास्त्याचा पदार्थ, एक मांसाचा, एक भाजी, पाणी, थोडी वाइन आणि शेवटी कॉफी. मेनू म्हणजे पेनाने लिहिलेला अर्धा कागद. पहिल्या फेरीचे चार पदार्थ, दुसऱ्या फेरीचे चार. बस्स.

एक वाजून दहा मिनिटांनी आतून बाई बाहेर आली. हातात पेन. आमच्या टेबलावरच्या कागदातली पहिली ओळ तिने खोडली, शेजारच्या टेबलावरची खोडली, पुढे गेली. फिटर म्हणाला, "फिनितो."

मला एकदम आत्याची पाटी दिसली. काळी, एका कोपऱ्याला फुटलेली. तिच्यावर दुपारी दीडच्या सुमारास ती खडूने दोनच शब्द लिहायची, 'भाकरी संपली'. ते वाचून पोळीवर जेवणारी माणसं होती, चिडून निघून जाणारीही होती. एकदा मी म्हटलं होतं, "आत्या, थोडं जास्त पीठ मळ की, गिऱ्हाईक परत जातंय." ती म्हणाली, "ज्या खानावळीत दिवसभर भाकरी मिळती, तिथं सकाळची भाकरी मिळती." तेव्हा मला हा तिचा आळस वाटला होता.

तर पुढचे दहा दिवस मी बोलोन्यात हॉटेल शोधत होतो ते या एका गोष्टीवरून. (हॉटेल म्हणजे आपल्या अर्थाने, जेवायचं. तिकडे हॉटेल म्हटलं की खोली दाखवतात.) इथे काय मिळतं हे बघायचंच नाही. काय संपतं आणि काय मिळत नाही, ते बघायचं.

असं बघायला लागलं की बऱ्याच गोष्टी आपोआप कळतात. दिवसभर उघडं असलेलं ठिकाण सोडून द्यायचं, कारण खऱ्या स्वयंपाकघराला दुपारी अडीचच्या सुमाराला झाकण पडतं ते संध्याकाळी साडेसातपर्यंत उघडत नाही. आम्ही साडेसहाला गेलो होतो, म्हणजे आमच्यासाठी उघडं कोण असणार? आमच्यासारखेच भुकेले परदेशी धरणारे. मेनूवर साठ पदार्थ असतील तर मागे एवढा मोठा फ्रीझर असणारच. आणि फ्रीझरचं तर लेखी मिळतं. इटलीत गोठवलेला माल वापरला तर गिऱ्हाइकाला सांगावं लागतं. बहुतेक ठिकाणी पदार्थाच्या नावापुढे छोटा तारा काढतात आणि तळाला बारीक अक्षरात खुलासा असतो. म्हणजे तारे बघायचेच तर फोनवरचे नको, मेनूवरचे बघा. कमी असतील तितकं बरं.

फोन मी फेकून दिला नाही. फक्त पाच तारेवाली स्तुती वाचायची सोडून एक तारेवाल्या तक्रारी वाचायला लागलो, त्याही इटालियन माणसांनी लिहिलेल्या. भाषांतराचं बटण असतंच. 'पोका शेल्ता', म्हणजे निवडायला फार काही नाही, अशी तक्रार दिसली की मी पत्ता लिहून घ्यायचो. 'साडेनऊला गेलो तर हवं ते संपलेलं', पत्ता लिहून घ्या. 'सोमवारी बंद होतं, आधी कळवायला काय झालं', लिहून घ्या. 'मालकीण हसत नाही' हे वाचून तर मी त्याच संध्याकाळी गेलो. आत्याही हसायची नाही.

नावावरून मात्र काही ठरवू नका. ओस्तेरिया म्हणजे मूळची दारूची बैठक, त्रात्तोरिया म्हणजे घरगुती जेवण, रिस्तोरांते म्हणजे पांढरं कापड, असं फिटरने समजावलं आणि लगेच वर म्हणाला, आता कुणीही काहीही लिहितं. आपल्याकडच्या 'घरगुती'सारखंच.

आता सरांची गोष्ट. ती मी गंमत म्हणून सांगत असलो तरी ते अकरा दिवस त्यांना खरोखर जड गेले. बोलोन्यात शाकाहारी दिसणाऱ्या पदार्थात काय काय दडलेलं असतं! क्रेशेंतीने म्हणून आपल्या पुरीसारखा फुगणारा प्रकार असतो, सर बघून हरखले. तो परंपरेने 'स्त्रुत्तो'त तळतात, म्हणजे डुकराच्या चरबीत. फ्रिज्जोने म्हणून कांदा-टोमॅटो तासन्‌तास मंद शिजवलेली भाजी, वास असा की घरची आठवण यावी. तिच्यात परत स्त्रुत्तो. ताज्या पास्त्याच्या पिठात पाणीच नसतं, शंभर ग्रॅम मैद्याला एक अंडं असा हिशेब. तोर्तेल्लोनी, म्हणजे आत रिकोत्ता चीज आणि वरून लोणी नि सेजची पानं, हा तिथला मांसाशिवायचा हमखास पदार्थ. पण आवरण अंड्याचं.

सरांना एक हत्यार सापडलं. युरोपात २०१४ च्या डिसेंबरपासून हॉटेलवाल्यांना चौदा ॲलर्जनची, म्हणजे ॲलर्जी होऊ शकते अशा पदार्थांची, माहिती द्यावी लागते. अंडं, दूध, शेंगदाणे, तीळ, मोहरी, सेलरी वगैरे. कुठे मेनूवर आकडे छापतात, कुठे मागितल्यावर फाइल देतात. सर टेबलावर बसले की आधी फाइल मागायचे. एका ठिकाणी ती प्लास्टिकच्या कप्प्यांत, तारखेसकट, सही-शिक्क्याची निघाली. सरांनी इतक्या प्रेमाने पानं उलटली की मालकाला वाटलं हे सरकारी तपासणीला आलेत. त्याने आपण होऊन ऑलिव्हची एक बशी आणून ठेवली. शेवटी सरांनी फाइल मिटली आणि म्हणाले, "यात एक मोठी त्रुटी आहे. चरबीचं ॲलर्जन नाही." बरोबरच होतं. अंडं पकडलं जायचं, स्त्रुत्तो सुटायचा. तो तोंडानेच विचारावा लागायचा.

चौथ्या दिवशी फिटरनेच 'कालिओ' हा शब्द सांगितला, बिचाऱ्याला काय माहीत त्याचा परिणाम. कालिओ म्हणजे रेनेट. पार्मिजानो रेज्जानो या चीजसाठी दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, त्याच्या नियमातच तसं आहे. आपल्याकडे चीजच्या पाकिटावर हिरवा ठिपका असतो म्हणून आपण विचारतही नाही. सर चार दिवस सगळ्यावर पार्मिजानो भुरभुरवत होते. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी फक्त दूध-केळं घेऊन खोलीत गेले. मला त्या रात्री जेवण गेलं नाही, आणि मी समोरच्या दुकानातून पिझ्झाचा एक तुकडा आणून उभ्याउभ्याच संपवला.

त्यांची सुटका झाली ती शेजारच्या रोमान्यातून आलेल्या एका पदार्थाने. भाज्यांच्या बाजाराजवळ, मेर्कातो देल्ले एर्बेच्या मागच्या गल्लीत, आठ टेबलांचं एक ठिकाण. सरांनी ठरलेली प्रश्नावली सुरू केली. पोरगी सगळ्याला मान हलवत नाही-नाही म्हणाली आणि एकदम थांबून म्हणाली, "स्त्रोझाप्रेती!" मैदा आणि पाणी, अंडं नाही. वर नुसता टोमॅटो, तुळशीसारखी ती बाझिलची पानं, तेल. चीज नको तर नको. सरांनी दोन बशा खाल्ल्या. मी फोनमध्ये नावाचा अर्थ बघितला आणि सांगू की नको असं झालं. सांगितला. स्त्रोझाप्रेती म्हणजे 'पाद्र्याचा गळा घोटणारे', आपल्या भाषेत भटजींचा गळा दाबणारे. सरांनी काटा खाली ठेवला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "गळा ठीक आहे. अंडं नाही ना?"

शनिवारी मात्र सरांचंच राज्य होतं. क्वाद्रिलातेरो म्हणून मधल्या चौकाच्या बाजूला जुन्या बाजाराच्या अरुंद गल्ल्या आहेत, मांसवाले, मासेवाले, चीजवाले खेटून. त्यातल्या एका बोळात ओस्तेरिया देल सोले आहे, १४६५ सालापासूनची. तिथे स्वयंपाकघरच नाही. आत फक्त प्यायचं मिळतं, खायचं आपलं आपण आणायचं. लोक बाजूच्या दुकानातून कागदात गुंडाळून मोर्तादेल्ला, म्हणजे डुकराच्या जाड सॉसेजचे काप, आणतात, पाव आणतात, लांब लाकडी बाकांवर पसरतात आणि वाइन मागवतात. मी सरांना हे सांगितलं तेव्हा ते उठून बॅगेकडेच गेले. काकूंनी पुण्याहून दशम्या बांधून दिल्या होत्या, त्या अजून टिकून होत्या. शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं गोड लोणचं.

इटलीतल्या इतक्या जुन्या ओस्तेरियात आम्ही स्टीलचा डबा उघडला आणि कुणी मान वर करून बघितलंही नाही. नियमच तो. पिणं घ्यावं लागतं म्हणून मी पिन्योलेत्तोचे दोन ग्लास घेतले, बोलोन्याच्या टेकड्यांवरची बुडबुड्यांची पांढरी वाइन. एक माझा, एक सरांच्या नावाचा. दोन्ही मीच संपवले. बाकावर शेजारी पत्ते खेळणारे चार म्हातारे होते. त्यातल्या एकाने चटणीकडे बोट दाखवलं. सरांनी डबा मागे ओढून आधी विचारलं, "आलेर्जीया? पीनट?" तो नाही म्हणाल्यावरच बोटभर दिली. त्याने चाखली, खोकला, "पिकान्ते" म्हणाला आणि आपली मोर्तादेल्ला घेऊन बाकाच्या पार टोकाला जाऊन बसला.

आता माझं. मला एकच गोष्ट खायची होती, तोर्तेल्लीनी इन ब्रोदो. करंगळीच्या पेराएवढ्या पुड्या, आत डुकराचं मांस, प्रोश्युत्तो (खारवून वाळवलेली डुकराची मांडी), मोर्तादेल्ला, पार्मिजानो यांचं सारण, आणि भोवती गरम, नितळ रस्सा. नोव्हेंबरात पो नदीच्या त्या मैदानावर धुकं असं उतरतं की स्टेशनवरचं घड्याळ दिसत नाही, तेव्हा खायचा हा पदार्थ. कमानींखालून चालत जायचं, भिजायचं नाही. बोलोन्यात अशा कमानीखालच्या वाटा एकूण ६२ किलोमीटर आहेत, त्यातल्या काही निवडक भागांना २०२१ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं. पण त्यांचा खरा उपयोग मेनू वाचायला होतो. पावसातही दारासमोर निवांत उभं राहता येतं, कुणी ढकलत नाही.

स्टेशनच्या मागे, रुळांच्या पलीकडे, बोलोन्यीना म्हणून जुनी कामगार वस्ती आहे. आता तिथे बांगलादेशी किराणा, चिनी कपड्यांची दुकानं, केस कापणारे अरब, सगळे आहेत. फोनवर 'पोका शेल्ता' अशी तक्रार असलेलं एक ठिकाण तिथे होतं. रात्री नऊला गेलो. पेनाने लिहिलेला कागद, आत चालू टीव्ही, दोन कुटुंबं आणि एक एकटा म्हातारा, ज्याच्यासमोर न विचारता बाटली आली. मालकीण हसली नाही. मी फिटरकडून पाठ करून घेतलेलं वाक्य म्हटलं, "कोझा ए फिनितो?" काय संपलंय? तिने मला नीट बघितलं. मग कागदावर दोन ओळींवर बोट ठेवलं. तोर्तेल्लीनी शिल्लक होत्या.

मी विचारलं, रस्सा कशाचा? परंपरेने कोंबड्याचा करतात, खच्ची केलेल्या कोंबड्याचा. पण घरोघरी वेगळं असतं हे फिटरने बजावलं होतं. ती म्हणाली, "गाल्लीना ए मान्झो." कोंबडी आणि गोमांस.

म्हणजे संपलंच. तिला 'कोंबडी' एवढंच म्हणून भागवता आलं असतं, मला कळलंही नसतं. चौकातल्या त्या पहिल्या हॉटेलात विचारलं असतं तर "येस येस" ऐकू आलं असतं. मी नको म्हटलं, तिने का विचारलं नाही, ग्रामीन्या आल्ला साल्सिच्चा आणून ठेवली. आखूड, वाकडा, गवताच्या कोंभासारखा पास्ता आणि वर डुकराच्या सॉसेजचा कुस्करा. डुकराचं मी आयुष्यात पहिल्यांदा चवीने खाल्लं ते त्या टेबलावर. ज्यासाठी गेलो ते खाल्लं नाही, आणि अकरा दिवसांतलं सगळ्यात चांगलं हॉटेल कुठलं विचाराल तर मी तेच सांगेन. मला परत जायचं होतं, शेवटच्या संध्याकाळी गेलोही, तर सोमवार. शटर. कागद. आठवड्याची सुट्टी.

तोर्तेल्लीनी मिळाल्या त्या फिटरच्या जागीच, गुरुवारी, त्या १३ युरोच्या जेवणात. त्याने आदल्या दिवशी बाईला सांगून ठेवलं होतं, रस्सा नुसत्या कोंबड्याचा. पहिला चमचा तोंडात गेला आणि मी गोंधळलो. ओळखीचा वास, पण भलत्याच ठिकाणी. दोन-तीन चमच्यांनी उलगडा झाला. जायफळ! सारणात जायफळ घालतात. माझ्या मेंदूत जायफळ श्रीखंडाच्या आणि पुरणाच्या कप्प्यात बसलेलं, ते इथे मांसाच्या पुडीतून निघालं. रस्सा आपल्या पांढऱ्या रश्श्याइतका दाट नाही की तिखट नाही. नुसता स्वच्छ. बशी तोंडाला लावून प्यायलो. फिटर म्हणाला बोलोन्यात असं करत नाहीत, पण त्याने नंतर इकडेतिकडे बघून स्वतःची बशीही उचलली.

त्या रात्री आत्याला फोन करून खरं काय ते सांगितलं. पहिल्या दिवसाचा लझान्याही सांगितला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या पेनवाल्या बाईकडं किती ताटं उठतात दुपारची?" मी म्हटलं, शंभरेक असतील. "हाताखाली किती?" तीन. "मग बरोबर हाय. चार भाज्याच जमतात." एवढंच.

मशीन पास झालं. दुसरं मशीन मार्चमध्ये तयार होतंय, परत आम्हीच दोघं जाणार. सरांनी या वेळी तयारी आधीच केली आहे. इंटरनेटवरून शब्द गोळा करून, टाइप करून, लॅमिनेट करून आणलेलं एक कार्ड. डावीकडे कंपनीच्या पद्धतीने डॉक्युमेंट नंबर, उजवीकडे रिव्हिजन ०१. मजकूर थोडक्यात असा: सेन्झा कार्ने, सेन्झा उओवा, सेन्झा स्त्रुत्तो, सेन्झा ब्रोदो. बिनमांसाचं, बिनअंड्याचं, बिनचरबीचं, बिनरश्श्याचं. खाली पार्मिजानोसाठी वेगळी ओळ. तळाला 'तयार करणारा' म्हणून त्यांची सही आणि 'तपासणारा' म्हणून माझं नाव.

मी अजून सही केलेली नाही. मासे नकोत म्हणून सर 'पेशे' लिहायला गेले आणि एक अक्षर जास्त टाकून 'पेस्के' लिहून बसले. सध्याच्या रिव्हिजनप्रमाणे सरांना मासे चालतात, पीच चालत नाहीत.